जन्मजात हृदयविकाराचे प्रौढत्व

उत्तर अमेरिका, पश्चिम व उत्तर युरोप आणि ऑस्ट्रेलिया या सधन प्रदेशांत जन्मजात हृदयविकाराने दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सातत्याने घटत आले आहे. त्याच काळात या विकारासह जगणाऱ्या माणसांची संख्या मात्र वाढत गेली असून, आज तेथील अशा रुग्णांमध्ये मुलांपेक्षा प्रौढांचा भरणा अधिक आहे. ही दोन विधाने वरवर परस्परविरोधी वाटली तरी ती एकाच घडामोडीची दोन अंगे आहेत, कारण जे मूल पूर्वी वर्षाच्या आत दगावले असते ते आज तिशी-चाळिशी गाठते आणि त्याच्यासोबत त्याचा अर्धामुर्धा दुरुस्त झालेला विकारही वयाने वाढतो. या विकाराचा भार केवळ मृत्यूंच्या आकड्यांवरून जोखला, तर वैद्यकशास्त्राचा विजय तेवढा दिसतो आणि त्या विजयातूनच उभी राहिलेली जबाबदारी नजरेआड होते.

जन्मजात हृदयविकार म्हणजे गर्भात हृदय आणि त्याला जोडलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या घडत असताना राहून गेलेला रचनेतील दोष. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे पुष्कळदा स्त्रीला दिवस गेल्याची खात्री पटण्याच्या सुमारास, एक साधी नळी वळसा घेते, तिच्यात पडदे उभे राहतात आणि वरची दोन अलिंदे व खालची दोन निलये असे चार कप्प्यांचे हृदय आकाराला येते. पडदा पूर्ण जुळला नाही तर दोन कप्प्यांमध्ये छिद्र राहते. झडप अरुंद झाली तर रक्ताची वाट अडते. शरीराला रक्त पुरवणारी महारोहिणी आणि फुप्फुसांकडे रक्त नेणारी फुप्फुसरोहिणी यांच्या जागांची अदलाबदल झाली तर अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच फिरत राहते. यांतील लहान छिद्रे बहुधा आपोआप बुजतात आणि घरच्यांना त्यांचा पत्ताही लागत नाही, तर काही दोष असे असतात की उपचारांवाचून बाळ पहिला महिनाही ओलांडत नाही. एकाच नावाखाली इतकी टोके सामावलेली असल्यामुळे या विकाराविषयीची कोणतीही सरासरी जपूनच वाचावी लागते.

रोगाचा भार मोजण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. दर हजार जिवंत जन्मांमागे किती बाळांत दोष आढळला हे जन्मप्रमाण. एखाद्या वेळी लोकसंख्येत दर हजारी किती जण हा विकार घेऊन जगत आहेत ही व्याप्ती. आणि ठरावीक काळात किती जण दगावले हा मृत्युदर. या तिन्हींना एका मापात बसवण्यासाठी जागतिक आरोग्याचे अभ्यासक ‘विकलांगता-समायोजित आयुर्वर्षे’ हे एकक वापरतात, ज्यात अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे आणि आजारपणात काढलेल्या वर्षांचा त्या आजाराच्या तीव्रतेनुसार धरलेला अंश यांची बेरीज असते. या हिशेबात एका अर्भकाचा मृत्यू म्हणजे आठ-नऊ दशकांचे नुकसान ठरते, म्हणून बालमृत्यू कमी होताच एकूण आकडा झपाट्याने उतरतो. उलट चाळिशीतल्या रुग्णाची तिसरी शस्त्रक्रिया, सुटलेली नोकरी किंवा टाळावे लागलेले बाळंतपण यांचे वजन त्या मापात फारच हलके पडते. जागतिक रोगभाराच्या २०१७ च्या अंदाजानुसार त्या वर्षी जगात सुमारे २ लाख ६१ हजार जण जन्मजात हृदयविकाराने मरण पावले, त्यांतील सुमारे १ लाख ८० हजार एक वर्षाच्या आतली बाळे होती; १९९० च्या तुलनेत मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक घटले होते आणि विकारासह जगणाऱ्यांची संख्या जवळपास १९ टक्क्यांनी वाढून १ कोटी २० लाखांच्या घरात गेली होती. मृत्यूंचा मोठा हिस्सा श्रीमंत देशांच्या बाहेरचा आहे. श्रीमंत देशांची कहाणी निराळी आहे, आणि तिचा आरंभ जन्मप्रमाणाच्या फसव्या वाढीपासून करावा लागतो.

नेदरलँड्समधील संशोधकांनी जगभरातील अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये दाखवून दिले की, १९३० ते १९३४ या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे ०.६ इतके नोंदवले गेलेले प्रमाण १९९५ नंतर ९.१ वर पोचले. साठ-पासष्ट वर्षांत मानवी गर्भाची घडण पंधरा पटींनी बिघडली, असा याचा अर्थ कोणीही लावणार नाही. १९३० च्या दशकात डॉक्टरांजवळ कानाला लावायची नळी, क्ष-किरण आणि ईसीजी एवढीच साधने होती, आणि नेमके निदान बहुधा शवविच्छेदनातच होत असे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या मॉड अ‍ॅबट यांनी १९३६ मध्ये एक हजार रुग्णांच्या माहितीवर आधारलेला जो चित्रसंग्रह सिद्ध केला, त्याने या विकारांचे पहिले पद्धतशीर वर्गीकरण मिळाले. पुढे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी इकोकार्डिओग्राफी १९७० नंतर सर्वत्र पोचली आणि जी छिद्रे पूर्वी कधीच उघडकीला आली नसती तीही नोंदवहीत येऊ लागली. युरोपातील जन्मदोषांच्या नोंदणी जाळ्यात आज हे प्रमाण दर हजारी आठच्या आसपास स्थिरावलेले दिसते, आणि अमेरिकेत दरवर्षी जन्मणाऱ्या सुमारे ४० हजार बाळांत, म्हणजे साधारण शंभरातील एकात, हृदयदोष आढळतो. वाढ झाली ती मुख्यतः पाहण्याच्या क्षमतेत.

तरीही खऱ्या चढउतारांची काही उदाहरणे आहेत आणि प्रतिबंधाच्या दृष्टीने ती मोलाची आहेत. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना १९४१ मध्ये मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या मातांना गरोदरपणी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाल्याचे आढळले, आणि त्यांतील पुष्कळ बाळांना हृदयदोषही होते. १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २० हजार बाळे जन्मजात रुबेलाच्या खुणा घेऊन जन्मली. १९६९ मध्ये लस आली आणि २०१५ मध्ये संपूर्ण अमेरिका खंड रुबेलामुक्त घोषित झाला. जन्मजात हृदयविकाराचे एक कारण लसीने जवळजवळ पुसून टाकल्याचे हे उदाहरण शस्त्रक्रियांच्या झगमगाटात विसरले जाते, हे खेदाचे आहे. कॅनडाने १९९८ च्या अखेरीस पिठात फॉलिक आम्ल मिसळणे बंधनकारक केले, ते मुळात मज्जारज्जूचे दोष टाळण्यासाठी. पण क्यूबेक प्रांतातील नोंदींत त्यानंतर गंभीर हृदयदोषांचे जन्मप्रमाण वर्षाला सुमारे ६ टक्क्यांनी घटताना दिसले. दुसऱ्या बाजूला मातांचा मधुमेह आणि लठ्ठपणा वाढतो आहे, आणि गर्भधारणेपूर्वीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीच्या बाळात हृदयदोषाचा धोका अनेक पटींनी जास्त असतो. म्हणजे जन्मप्रमाणाची रेषा सपाट दिसत असली तरी तिच्याखाली परस्परविरुद्ध ओढी चालू असतात.

त्या ओढींपैकी सर्वांत नाजूक विषय गर्भावस्थेतील निदानाचा. विसाव्या आठवड्याच्या आसपासच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे आणि मोठ्या वाहिन्या तपासण्याची पद्धत युरोपात रुळल्यावर डेन्मार्कमध्ये मोठ्या हृदयदोषांपैकी जन्माआधीच ओळखल्या जाणाऱ्यांचा वाटा १९९६ मधील ४.५ टक्क्यांवरून २०१३ पर्यंत सुमारे ७१ टक्क्यांवर गेला, आणि त्याबरोबर अशा गर्भांच्या बाबतीत गर्भपाताचा निर्णय घेणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. एखाद्या देशात गंभीर दोष घेऊन जन्मणारी बाळे कमी झाली, तर त्यामागे उत्तम पोषण आहे, लस आहे की हा निर्णय, हे प्रत्येक वेळी वेगळे करून पाहावे लागते. तसे न करता दोन देशांचे आकडे शेजारी ठेवणे दिशाभूल करणारे ठरते. याच निदानाची दुसरी बाजू जीव वाचवणारी आहे. पॅरिसमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये रोहिण्यांची अदलाबदल झालेल्या बाळांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात दोष जन्मानंतर कळलेल्या २५० बाळांपैकी १५ शस्त्रक्रियेपर्यंत पोचण्याआधीच दगावली होती, तर जन्माआधी निदान झाल्यामुळे सुसज्ज रुग्णालयातच जन्मलेल्या ६८ पैकी एकही दगावले नव्हते.

रोहिण्यांची ही अदलाबदल, जिला वैद्यकीय परिभाषेत ट्रान्सपोझिशन म्हणतात, थोडी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण एका विकाराच्या इतिहासात संपूर्ण भाराचे स्थलांतर दिसते. या दोषात शरीरातून आलेले काळसर रक्त उजव्या निलयातून थेट महारोहिणीत जाते आणि फुप्फुसातून आलेले ताजे रक्त डाव्या निलयातून पुन्हा फुप्फुसांकडेच वळते. दोन स्वतंत्र वर्तुळे तयार होतात आणि बाळ निळे पडते. गर्भात उपयोगी असलेली डक्टस नावाची वाहिनी आणि अलिंदांमधील छिद्र जोवर उघडे असते तोवर दोन्ही रक्तांची थोडी सरमिसळ होऊन जीव टिकतो. पण जन्मानंतर ती वाहिनी काही दिवसांतच बंद होते. उपचार न मिळाल्यास अशा बाळांपैकी निम्मी महिन्याच्या आत आणि सुमारे ९० टक्के वर्षाच्या आत दगावतात.

या दोषावरचे उपाय एकामागून एक आले. फिलाडेल्फियाचे विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये शिरेतून नेलेल्या फुग्याने अलिंदांमधील छिद्र मोठे करण्याची युक्ती काढली, ज्यामुळे छाती न उघडता बाळाला काही महिन्यांची सवड मिळू लागली. १९७० च्या दशकाच्या मध्यास टोरंटोच्या पीटर ऑली आणि फ्लाव्हिओ कोचेआनी यांनी प्रोस्टाग्लँडिन या द्रव्याने डक्टस उघडी ठेवता येते हे दाखवले, आणि नवजात बाळाला दूरच्या रुग्णालयात सुखरूप पोचवणे शक्य झाले. मुख्य दुरुस्ती मात्र आधी वेगळ्याच मार्गाने झाली: स्वीडनचे ओके सेनिंग यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणि कॅनडाचे विल्यम मस्टर्ड यांनी १९६३ मध्ये रोहिण्यांना हात न लावता अलिंदांच्या आत रक्ताचे प्रवाह वळवून घेतले. मुले गुलाबी झाली, शाळेत गेली, नोकरीला लागली. पण या रचनेत आयुष्यभर सगळ्या शरीराला रक्त पुरवण्याचे काम उजव्या निलयावर पडते, आणि त्याची बांधणी मुळात फुप्फुसांपुरत्या कमी दाबासाठी असते. वीस-तीस वर्षांनी ते निलय थकू लागते, अलिंदांत घातलेल्या टाक्यांमुळे हृदयाची लय बिघडते आणि काहींना अचानक मृत्यूही येतो. १९७५ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलोच्या आदिब झातेने यांनी प्रत्यक्ष रोहिण्यांचीच पुन्हा अदलाबदल करून दाखवली, आणि त्यासाठी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, नवजात बाळात जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या वाहिन्याही सोडवून नव्या जागी जोडल्या. आज चांगल्या केंद्रांत या शस्त्रक्रियेतून ९५ टक्क्यांहून अधिक बाळे वाचतात. त्यामुळे आज श्रीमंत देशांत एकाच निदानाचे दोन पिढ्यांचे रुग्ण आहेत: अलिंदांच्या दुरुस्तीवर जगलेले, आता पन्नाशी-साठीकडे झुकलेले, आणि रोहिण्यांच्या दुरुस्तीनंतरचे तिशी-चाळिशीतले, दोघांचे पुढील आजार वेगळे, तपासण्या वेगळ्या, आणि दोन्ही प्रकारच्या रुग्णांची उत्तम माहिती असलेले डॉक्टर मोजकेच.

शस्त्रक्रियेचा सर्वसाधारण इतिहास अनेकदा सांगितला गेला आहे, म्हणून त्याचे टप्पे इथे थोडक्यात पुरेसे आहेत. बॉस्टनचे रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये सात वर्षांच्या मुलीची उघडी राहिलेली डक्टस बांधली. १९४४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी निळ्या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया केली, तिची तयारी प्रयोगशाळेत करणारे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी मागे उभे राहून ब्लेलॉक यांना सूचना देणारे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस यांना त्याचे श्रेय मात्र फार उशिरा मिळाले. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र वापरून उघड्या हृदयावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, आणि १९५४ मध्ये मिनेसोटाचे वॉल्टन लिलेहाय यांनी पालकाच्या रक्ताभिसरणाला मुलाचे रक्ताभिसरण जोडून छिद्रे बुजवली. १९८० च्या दशकात विल्यम नॉर्वुड यांच्या टप्प्याटप्प्याच्या शस्त्रक्रियेने डावी बाजू जवळजवळ न घडलेल्या हृदयाच्या बाळांनाही, ज्यांच्यासाठी त्याआधी काहीच करता येत नसे, जगण्याची वाट मिळाली.

मृत्यू घटण्यामागे जितका वाटा नव्या शस्त्रक्रियांचा, तितकाच त्या कुठे आणि कोणी करायच्या या व्यवस्थेचा आहे, आणि या गोष्टीला मिळायला हवे तेवढे महत्त्व सहसा मिळत नाही. स्वीडनने १९९३ मध्ये मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया देशभरात विखुरलेल्या न ठेवता लुंड आणि गोथेनबर्ग या दोनच शहरांत एकवटल्या. उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत होणारे मृत्यू १९८८-९१ मधील ९.५ टक्क्यांवरून १९९५-९७ मध्ये १.९ टक्क्यांवर आले. या काळात तंत्रही सुधारत होते, त्यामुळे सगळे श्रेय एकत्रीकरणाला देणे रास्त होणार नाही. पण दुर्मीळ शस्त्रक्रिया वारंवार करणाऱ्या चमूचा हात बसतो, ही गोष्ट त्या आकड्यांतून ठळक होते. इंग्लंडने हाच धडा फार दुःखद मार्गाने घेतला. ब्रिस्टलच्या रॉयल इन्फर्मरीत १९९१ ते १९९५ या काळात अपेक्षेपेक्षा ३० ते ३५ अधिक बालके दगावली, भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी वारंवार धोक्याची सूचना देऊनही वर्षे गेली, आणि शेवटी इयन केनेडी यांच्या चौकशी आयोगाने २००१ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर त्या देशात प्रत्येक केंद्राचे बालहृदय-शस्त्रक्रियांचे निष्कर्ष जाहीर होऊ लागले. तरीही केंद्रांची संख्या कमी करण्याची योजना स्थानिक विरोधामुळे २०१३ मध्ये थांबवावी लागली. जवळचे केंद्र बंद होऊ नये अशी पालकांची मागणी समजण्याजोगी आहे, आणि दूरच्या मोठ्या केंद्रात मूल जगण्याची शक्यता जास्त असते हेही तितकेच खरे आहे.

अशा मोठ्या व्यवस्थांबरोबर एका लहान उपकरणाची नोंद व्हायला हवी. बोटाला चिमट्यासारखे लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सांगणारे ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत मराठी घराघरांत पोचले. जन्मानंतर साधारण २४ तासांनी तेच उपकरण बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला लावले जाते. वाचन ९५ टक्क्यांच्या खाली राहिले किंवा हात-पायांतील फरक ३ टक्क्यांहून अधिक आला, तर तपासणी पुन्हा केली जाते आणि मग इको होते. बाळ वरवर निरोगी दिसत असताना डक्टसच्या आधारावर जगणारा दोष यातून घरी जाण्याआधी पकडता येतो. स्वीडन आणि ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासांनंतर अमेरिकेने २०११ मध्ये ही तपासणी नवजात चाचण्यांच्या यादीत घेतली, आणि ज्या राज्यांनी ती सक्तीची केली तेथे गंभीर हृदयदोषांमुळे होणारे सुरुवातीच्या महिन्यांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. फुकट म्हणावी इतक्या अल्प खर्चाची तपासणी कायद्याने सक्तीची करावी लागते, यावरून केवळ साधन हाती असणे पुरत नाही हे उघड आहे.

या सर्वांचा एकत्रित परिणाम असा की स्वीडनमध्ये हृदयदोष घेऊन जन्मलेली सुमारे ९७ टक्के मुले आता अठराव्या वर्षापर्यंत पोचतात. क्यूबेकमध्ये, जिथे सर्वांसाठी एकच सार्वजनिक आरोग्य विमा असल्यामुळे प्रत्येक रुग्णाची नोंद सलग सापडते, १९८७-९० च्या तुलनेत २००२-०५ मध्ये या रुग्णांचा मृत्युदर ३१ टक्क्यांनी कमी झाला. तेथील व्याप्तीचे आकडे तर अधिक बोलके आहेत: २००० साली दर हजार प्रौढांमागे ४.०९ जण जन्मजात हृदयविकार घेऊन जगत होते, २०१० पर्यंत ते ६.१२ झाले, आणि एकूण रुग्णांत प्रौढांचा वाटा ६६ टक्क्यांवर गेला. गंभीर दोष असलेल्यांचे मध्यक वय १९८५ मध्ये ११ वर्षे होते, ते २००० मध्ये १७ झाले. अमेरिकेत २०१० मध्ये या विकारासह जगणाऱ्या अंदाजे २४ लाख लोकांपैकी १४ लाख प्रौढ होते, आणि प्रौढ रुग्णांच्या रुग्णालयातील भरतींची वार्षिक संख्या १९९८ ते २००५ या सात वर्षांतच दुप्पट झाली होती.

या भरतीमागची कारणे समजून घेतली की ‘दुरुस्ती’ या शब्दाची मर्यादा कळते. टेट्रालॉजी ऑफ फॅलो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चार दोष एकत्र असलेल्या विकारात बालपणी फुप्फुसांकडे जाणारी अरुंद वाट रुंद केली जाते, पण त्यात झडप निकामी होते. पुढची वीस वर्षे रक्त मागे गळत राहते, उजवे निलय पसरते आणि नवी झडप बसवावी लागते. २००० मध्ये पॅरिसमध्ये फिलिप बोनहॉफर यांनी ही झडप छाती न उघडता शिरेतून बसवून दाखवली, त्यामुळे एक शस्त्रक्रिया तरी अनेकांची वाचली. त्याहून अवघड स्थिती एकाच निलयावर जगणाऱ्यांची आहे. बोर्दोचे फ्रान्सिस फोंतां यांनी १९६८ मध्ये शरीरातून परत येणारे रक्त कोणत्याही पंपाविना थेट फुप्फुसांत सोडण्याची शस्त्रक्रिया केली. ती मुले जगली, पण शिरांमधील दाब कायमचा वाढलेला राहिल्यामुळे यकृत वर्षानुवर्षे रक्ताने तुंबून निबर होत जाते, आणि हृदयाचा रुग्ण म्हणून जगलेल्या तरुणाला यकृततज्ज्ञाची गरज पडते. जगात अशी ५० ते ७० हजार माणसे असल्याचा २०१८ चा अंदाज आहे. उतारवयात त्यांचे काय होते हे सांगणारा पुरेसा अनुभव अजून कोणाजवळच नाही.

मेंदूचा प्रश्न त्याहूनही उशिरा लक्षात आला. बॉस्टनमध्ये १९८८ ते १९९२ या काळात रोहिण्यांची अदलाबदल दुरुस्त केलेल्या १७१ बाळांचा पुढे सोळा वर्षांपर्यंत मागोवा घेतला गेला. त्यांची सर्वसाधारण बुद्धी सरासरीच्या जवळ होती, पण स्मरण, लक्ष केंद्रित करणे आणि दृश्य आकलन यांत ती मागे पडत होती आणि दोन तृतीयांश मुलांना शाळेत विशेष मदत घ्यावी लागली होती. हृदयाची दुरुस्ती निर्दोष झालेल्या मुलांची ही अवस्था होती, म्हणूनच हा अभ्यास इतका महत्त्वाचा ठरला. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाचे आई-वडील आणि शिक्षक जो ताण सोसतात तो कोणत्याही मृत्युदरात उमटत नाही, आणि रोगभाराच्या आजच्या मोजणीतली ही सर्वांत मोठी उणीव मानली पाहिजे.

श्रीमंत देशांच्या व्यवस्थेतील खरी फट मात्र अठराव्या वर्षाला पडते. बालरुग्णालयात जन्मापासून ओळखीचे डॉक्टर असतात, भेटीची वेळ आई-वडील लक्षात ठेवतात; मग एके दिवशी त्या तरुणाला प्रौढांच्या रुग्णालयात पाठवले जाते, जिथे हृदयतज्ज्ञांचा बहुतेक वेळ वार्धक्यातील हृदयविकाराच्या झटक्यांवर जातो. क्यूबेकमधील एका अभ्यासात सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या मुलांपैकी सहा ते बारा या वयात २८ टक्के, तेरा ते सतरा या वयात ४७ टक्के आणि अठरा ते बावीस या वयात तब्बल ६१ टक्के जण हृदयतज्ज्ञाच्या पाठपुराव्यातून निसटले होते. तेथे वैद्यकीय सेवेला पैसे लागत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गळतीचे कारण खर्चापेक्षा समजुतीत आहे हे पटते: आपण बरे झालो आहोत असे बहुतेकांना मनापासून वाटत असते, कारण लहानपणी त्यांना आणि त्यांच्या पालकांना तसेच सांगितले गेलेले असते. अमेरिकेत या समजुतीत विम्याची अडचण मिसळते; २०१० च्या आरोग्य कायद्याने पालकांच्या विम्यावर २६ वर्षांपर्यंत राहण्याची सोय झाली आणि आधीपासूनच्या आजाराचे कारण सांगून विमा नाकारण्यास बंदी आली, तरी कृष्णवर्णीय बाळांमध्ये या विकाराचा मृत्युदर आजही अधिक आहे. श्रीमंती देशाची असते, ती प्रत्येक पाळण्यापर्यंत सारखी पोचत नाही.

या फटीवर पूल बांधण्याचे काम काहींनी फार लवकर ओळखले होते. टोरंटोमध्ये १९५९ मध्येच प्रौढ जन्मजात हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र दवाखाना सुरू झाला, आणि लंडनमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी १९७५ मध्ये या किशोरवयीन व तरुण रुग्णांसाठी वेगळा कक्ष उभारला. अमेरिकेने मात्र या शाखेची स्वतंत्र विशेषज्ञ-परीक्षा २०१५ मध्ये प्रथम घेतली. विशेष केंद्राकडे पाठवल्याने फरक पडतो याचा पुरावाही क्यूबेकमधूनच आला, जिथे मार्गदर्शक सूचना आल्यावर अशा केंद्रांत जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्या रुग्णांचा मृत्युदर इतरांपेक्षा कमी आढळला.

याच प्रांतात ६५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक जन्मजात हृदयरुग्णांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील बहुसंख्यांचे दोष सौम्य होते, कारण गंभीर दोष घेऊन वाचलेली पहिली पिढी त्या वयाला तेव्हा पोचलीच नव्हती. ती आता पोचू लागली आहे. या वृद्धांच्या मृत्यूचा धोका कशावरून ओळखता येतो हे तपासल्यावर, हृदयातील दोषाच्या प्रकारापेक्षा स्मृतिभ्रंश, जठर-आतड्यांतील रक्तस्राव आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार या तीन गोष्टी अधिक निर्णायक ठरल्या, म्हणजे ज्या रुग्णशाखेचा जन्म नवजात बाळांच्या शस्त्रक्रियागृहात झाला, तिला आता वार्धक्याच्या वैद्यकाशीही हातमिळवणी करावी लागत आहे.